दोन देशांचे पाय

गल्लीत त्याला सगळे परदेशी म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. गुडघ्यांखालचा माणूस खरोखरच बाहेरून आलेला. डावा पाय अपघातात गेला, तो एका देशाच्या संस्थेने बसवून दिला. उजवा मधुमेहाने नेला, तेव्हा दुसऱ्या देशाची संस्था धावून आली. डावा चपलेच्या बेताचा, उजवा टाचेच्या बुटाच्या बेताचा. दोघांचं पटेना. पण जावांची भांडणं सांभाळावीत तसं दोघांना सांभाळत परदेशी सलूनमध्ये दिवसभर उभा राहून दाढ्या करायचा. त्या दोन देशांच्या सहकार्य परिषदेत दोन्हीकडच्या साहेबांनी त्याला मध्ये उभं करून फोटोही काढून घेतला होता.

मग उजवा पंजा घोट्यापाशी तडकला. तो देणारी संस्था कधीच गाशा गुंडाळून गेलेली. परदेशी डाव्या पायवाल्यांच्या कार्यशाळेत गेला.

"एवढा पंजा बदला की, मास्तर."

"बसणार नाही, काका. त्यांचा सांधा वेगळा, आमचा वेगळा."

"मग फोटोत गळ्यात गळे कशाला घातले होते?"

कारागीर हसला आणि लगेच ओशाळला. "दोन्ही पाय आमचे करून देऊ. पण आमचा जुना आधी जमा करावा लागतो. नवे तिकडून मंजूर होऊन येणार. वर्षही जाईल."

"आणि तोवर?"

कारागीर पाना शोधायला लागला. पाना त्याच्या हातातच होता.

सलूनचा शेठ तर काही धर्मात्मा नव्हता. "उद्या उभा राहिलास तर खुर्ची तुझी. नाहीतर माझा भाचा बसूनच आहे."

"बसूनच आहे ना? उभा राहील तेव्हा बघू!" परदेशी म्हणाला. सगळे हसले. त्याला मात्र घाम फुटला होता.

सकाळी बायकोने सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी घोटा करकचून बांधला. पहिलं गिऱ्हाईक बसलं, फेस झाला, एक गाल झाला. दुसऱ्या गालाकडे वळताना खाली कडकन आवाज आला. पडता पडता परदेशीने वस्तरा लांब भिरकावला, म्हणून गिऱ्हाइकाचा गळा वाचला. भाच्याने वस्तरा उचलला, धुतला आणि उरलेला गाल केला. वाईट म्हणजे, चांगला केला.

संध्याकाळी परदेशी कार्यशाळेच्या बाकावर बसून डाव्या पायाचे पट्टे सोडत होता. बायको म्हणाली, "अहो, हा तरी धड आहे. राहू द्या ना."

"एकटा धड राहून काय करणार आहे तो?"

कारागिराने पाय फळीवर ठेवला. तिथे आधीच बरेच होते.

बायको त्याच्यापुढे पाठ करून वाकली. "घट्ट धरा."

त्याने तिच्या गळ्यात हात टाकले. पायऱ्या उतरताना तिला धाप लागली, तशी ती भराभर उतरायला लागली.

"हळू चाल गं," तो तिच्या कानाशी म्हणाला, "आता घाई कसली आहे."