दैवशाला नाव घेते

सटवाईनं दैवशालाच्या कपाळावर काय लिहिलं ते कुणालाच माहीत नाही. पण लिहिता लिहिता तिलाही या पोरीनं मध्येच अडवून दोन प्रश्न विचारले असणार, असं तिची आई म्हणायची. शाळेत बाईंनी कंटाळून तिला एकटीला बाक दिला होता. लग्नात उखाणा घ्यायला सांगितलं, तर बद्रीनाथचं नाव घेता घेता तिनं वरणात मीठ नसल्याचंही यमकात सांगून टाकलं. मांडव हसला, वाढपी मीठ घेऊन पळाला. साधं सांगितलं असतं तर नवरी आगाऊ ठरली असती. उखाण्यात सांगितलं, तर सासरचे म्हणाले, पोरगी हुशार आहे. दैवशालानं ही गोष्ट पदराला गाठ मारून ठेवली.

टेंभुर्णीच्या बाजाराला जाताना लागणाऱ्या त्या लहानशा गावात नळाला हवा यायची आणि सरपंच काकासाहेबांच्या मोसंबीला पाणी. पाइपलाइनचा व्हॉल्व्ह त्यांच्याच बांधावर होता. गावाला सगळं ठाऊक, आणि गाव गप्प. दैवशालानं गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं. तिला ग्रुपमधून काढून टाकलं. ग्रामसभेत उठली, तर काकासाहेब म्हणाले, "वैनी, बसा खाली. गावाची बदनामी करून राह्यले तुम्ही."

मग संक्रांत आली. हळदीकुंकवाला गेलं की नाव घ्यावंच लागतं, आणि नाव घेणाऱ्या बाईला मध्येच "बसा खाली" म्हणायची रीत कुठंच नाही.

"हंड्यावर हंडा, दोन्ही कोरडे ठाक,
मोसंबी पिते पाणी, अन् गाव पितो धाक,
बद्रीनाथरावांचं नाव घेते, मारा कुणीही हाक!"

बायांनी वाण बाजूला ठेवून टाळ्या पिटल्या. दोन दिवसांत उखाणा पिठाच्या गिरणीवर पोचला. दैवशाला दर घरी नवा उखाणा सोडत गेली. एकच अडचण होती. तक्रार तिची, पण प्रत्येक तक्रारीखाली नाव बद्रीनाथचं.

आणि बद्रीनाथ म्हणजे असा माणूस, की बैलानं शिंग उगारलं तरी त्यालाच "चुकलं बरं का" म्हणणार. काकासाहेबांनी त्याला चौकात गाठलं. "काय बद्रीनाथराव, लई नाव निघून राह्यलं तुमचं गावात!" तो घामाघूम होऊन घरी आला.

"दैवशाला, हात जोडतो तुला. माझं नाव नको घेऊ."

"मंग दुसरे नवरे कितीक आहेत मला?"

"ते मला माहीत न्हाई. पण सव्वीस जानेवारीला माझं नाव बिलकुल घ्यायचं न्हाई."

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेआधी काकासाहेबांनी यंदा 'महिलांचा कार्यक्रम' ठेवला होता. बायांनी उखाणे घ्यायचे, स्टीलची वाटी घ्यायची आणि घरी जायचं. पुढं गावाचं पुरुष बघतील. म्हणजे बाईच्या हाती माईक येणार, तो तेवढ्यापुरताच. भाकरी थापता थापता दैवशालानं ठरवलं: नवऱ्याचा शब्द मोडायचा नाही, आणि माईकही सोडायचा नाही.

तिची पाळी आली. मागच्या रांगेत बद्रीनाथनं डोळे मिटून घेतले.

"सतरंजी घातली, सभा भरली, जमला सारा गाव,
ज्यांच्या बागेत पाणी आमचं, त्यांचंच घेते नाव..."

इथं ती थांबली. मान वळवून तिनं काकासाहेबांकडं पाहिलं आणि रीतीप्रमाणे लाजून पदर सावरला.

सभा गार पडली. परक्या पुरुषाचं नाव, तेही उखाण्यात, तेही माईकवर! पहिल्या रांगेतल्या बेबीनंदाबाईंनी, म्हणजे काकासाहेबांच्या मंडळींनी, हातातली वाटी ठणकन खाली ठेवली आणि नवऱ्याकडं वळून पाहिलं.

काकासाहेब खुर्चीतून ताडकन उठले. "न्हाई, न्हाई! वैनी, थांबा! माझं नाव नका घेऊ!"

"मंग कसं सांगू? बायांनी उखाणेच घ्यायचे, असं तुम्हीच ठरवलं."

"साधं बोला! सरळ बोला! काय बोलायचं ते बोला, पण यमक नका जुळवू!"

"अन् कुणी बसा खाली म्हणलं तर?"

"कोण म्हणतंय बघते मी," बेबीनंदाबाई म्हणाल्या. "बोल गं तू."

दैवशाला बोलली. यमकाची सवय झालेली, त्यामुळं सुरुवातीला दोनदा अडखळली. पण मग व्हॉल्व्ह, बांध, बाग, कोरडे नळ असं सगळं जागच्या जागी सांगितलं. वाट्या मिळूनही एकही बाई घरी गेली नाही. तिच्यामागून दुसऱ्या एकीनं अंगणवाडीच्या गळक्या पत्र्याचं काढलं. व्हॉल्व्हला कुलूप घालून किल्ली पाणीवाल्याकडं द्यायची, असं ठरूनच सभा उठली.

पण घरी बद्रीनाथ फुगून बसला.

"एवढं बोलली, पण माझं नाव काई आलं न्हाई."

"तुम्हीच नको म्हणले व्हते."

"म्हणलो व्हतो. पण सवय झाल्ती ना."

तेवढ्यात अंगणातला नळ खोकला. आधी हवा, मग गढूळ चूळ, मग पाणी.

"बद्रीनाथ!" दैवशालानं शेजारपाजार ऐकेल अशी हाक मारली. "जल्दी हंडा आणा!"

बद्रीनाथ दारातच थबकला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोच्या तोंडून आपलं नाव यमकाशिवाय तो पहिल्यांदाच ऐकत होता. आजूबाजूला कुणी ऐकलं का ते त्यानं पाहिलं. सगळ्यांनीच ऐकलं होतं.

"आलो, आलो," म्हणत तो दोन्ही हंडे घेऊन पळाला.