अकराव्या पानावर थांबलेली वही

काकू रोज सकाळी चार पेन्सिलींना टोक काढून ठेवत. खिडकी उघडण्याआधी कडी दोनदा हलवून बघत. कोणतंही नवं यंत्र दिसलं, मग ती लिफ्ट असो नाहीतर टेबलावरचा पंखा, की आधी वाकून त्याची मागची बाजू तपासत. नवरा फोनवर काय म्हणाला ते कागदावर टिपून घेत. आणि रशियन बोलायची वेळ आली की वाक्य आधी लिहून काढत, मग वाचत.

खोलीत सोबत राहणाऱ्या मुलीने या सवयी पहिल्याच आठवड्यात हेरल्या. ती साहित्याची पदवीधर. तिच्या बॅगेत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त, म्हणून काकूंनी तिचं नाव कादंबरी ठेवून टाकलं. दोघी एका सत्रासाठी परदेशात आल्या होत्या, रशियन सुधारायला. एक बावीस वर्षांची, दुसरी चौपन्न.

"काकू, तुम्हाला या वयात हे काय सुचलं?" कादंबरीने विचारलं होतं.

"सुचलं नाही गं. साहेबांनी सुचवलं."

काकू पाकिटं भरणारी यंत्रं असलेल्या एका कारखान्यात होत्या. यंत्रं रशियन, चालवणारे मराठी. एकतीस वर्षं काकूंनी त्या यंत्रांची माहितीपुस्तकं मराठीत आणली. पण रशियन बोलणारा माणूस एकदाही समोर आला नव्हता. आता नवं यंत्र यायचं होतं आणि ते बसवायला तिकडचे इंजिनियर. साहेब म्हणाले, "तोंडी परीक्षेचा दाखला आणलात तर दुभाषी तुम्हीच. नाहीतर बाहेरून माणूस आणू, आणि तुम्ही लवकर निवृत्ती घ्या." काकूंनी तेही टिपून घेतलं होतं.

वर्गात गंमतच होती. नटबोल्टचे सतरा प्रकार काकूंना ठाऊक. ते सगळे त्यांनी फळ्यावर लिहिले तेव्हा बाईंनी गुपचूप वहीत उतरवून घेतले. पण "काल काय केलंत?" असं विचारलं की काकूंची दातखीळ बसायची. कादंबरीचं उलटं. ती चुकांचा पाऊस पाडत बोलत सुटायची आणि वर हसायची.

काकूंचा नवरा फोनवर म्हणायचा, "काहीतरी रशियन बोल की."

"लिहून पाठवते."

"अगं, मला वाचता कुठे येतं?"

"म्हणूनच."

घरमालकीण आजीबाई ट्राम चालवून निवृत्त झालेल्या. गुडघे गेले होते, आवाज शाबूत होता. पहिल्या दिवशी त्यांनी चहाची विजेची किटली लावली, तेव्हा काकूंनी कागद काढून खणखणीत रशियनमध्ये वाचलं, "उपकरण चालू करण्यापूर्वी हात कोरडे असल्याची खात्री करावी." आजीबाईंनी मुकाट्याने हात पुसले. मग कादंबरीकडे वळून विचारलं, "ही तुझी काकू पोलिसात आहे का?"

दोन महिने असेच गेले. परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि काकूंचं जेवण कमी झालं.

आजीबाईंकडे जुनं शिलाई मशीन होतं. त्याचं माहितीपुस्तक कधीच हरवलं होतं. काकूंना ते सहन होईना. पुस्तक नसलेलं यंत्र म्हणजे त्यांच्या लेखी वाऱ्यावर सोडलेलं मूल. त्यांनी वही आणली आणि रशियनमध्ये नवं पुस्तक लिहायला घेतलं. पान पहिलं, भागांची नावं. पान दुसरं, तेल कुठे घालावं. रोज एक पान, खाली रेघ मारून.

अकराव्या पानाच्या दिवशी मशीन अडकलं. दोऱ्याचा गुंता आत जाऊन बसला होता. काकूंनी लिहिता लिहिता पेन्सिल खाली ठेवली, बाह्या सारल्या, वरचा भाग मागे कलता केला आणि दोन्ही हात आत घातले.

"काय झालंय?" आजीबाईंनी विचारलं.

काकूंची नजर सवयीने पेन्सिलीकडे गेली. पण एका हाताने बॉबिन धरलेली, दुसऱ्याने गुंता. हात सोडला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि आजीबाईंनी पेन्सिल केव्हाच उचलून अंबाड्यात खोचली होती.

"दोरा," काकू रशियनमध्ये म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "हा दोरा स्वस्तातला आहे. असला वापरू नका."

"नवऱ्याने आणून ठेवलाय. तीस रिळं. तो गेला, रिळं संपत नाहीत."

"माझ्या सासूबाई बटणं साठवायच्या," काकू म्हणाल्या. "डबाभर. एकही कुठल्या शर्टाला लागायचं नाही."

कादंबरी दारात उभी होती, चपला हातात घेऊन. आत यावं की नाही तिला कळेना. गुंता दहा मिनिटांत सुटला असावा. दोघी पाऊण तास बोलत होत्या आणि काकूंचे हात मशीनमध्येच होते.

परीक्षा सगळ्या वर्गासमोर होती. कागद दाराशीच काढून घेतले. काकूंना विषय मिळाला, जवळची व्यक्ती. त्या उठल्या आणि टेबलामागे उभ्या राहिल्या. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. कादंबरी बाकावर पुढे सरकली. मग तिला दिसलं, काकूंची बोटं टेबलाखाली हलत होती. जणू गुंता सोडवत होती.

"आमच्या घरमालकीणबाई," काकू म्हणाल्या. "सकाळी सातला चालू होतात. चालू करण्यापूर्वी चहा द्यावा. गुडघ्यांचा आवाज येतो, तो दोष समजू नये. तीस वर्षं ट्राम चालवली आहे, त्यामुळे कोणी आडवं आलं तर आधी घंटा वाजवतात, मग थांबतात."

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. परीक्षक पुढे झुकले.

"आणि बिघाड झाल्यास?"

"नवऱ्याची आठवण आली तर तासभर बोलतात. तेव्हा दुरुस्ती करू नये. बसून ऐकावं."

काकू आणखी सहा मिनिटं बोलल्या. दोनदा चुकल्या आणि सुधारायला थांबल्या नाहीत. दाखला मिळाला. कादंबरीलाही मिळाला, पण काकूंपेक्षा दोन गुण कमी. हे तिने कितीतरी दिवस घरी सांगितलं नाही.

शेवटच्या दिवसांत काकू सापडणं मुश्कील झालं. भाजीवाल्याशी, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याशी, बसथांब्यावरच्या अनोळखी बायांशी त्या बोलत उभ्या असायच्या. पेन्सिली बोथट झाल्या. काकू कादंबरीच्या दोन दिवस आधी निघाल्या. टॅक्सीत बसतानाही ड्रायव्हरला इंजिनाचा आवाज बरोबर नाही असं समजावत होत्या.

"आणि माझं पुस्तक?" आजीबाईंनी दारातून विचारलं.

"दर रविवारी फोन करते. पुढचं तोंडी सांगेन."

वही मशीनवरच राहिली. कादंबरीने ती उघडून पाहिली. अकराव्या पानाखाली रेघ नव्हती. तिथे एवढंच लिहिलं होतं: "दोरा अडकल्यास घाबरू नये. प्रथम दोन्ही हात..." वाक्य तिथेच सोडलेलं होतं.