दम लागला

रविवारी सकाळी अकरा वाजता वारज्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये पंचवीसेक प्रोग्रॅमर जमले होते. मी आणि माझ्या मित्राने बनवलेली नवी प्रोग्रॅमिंग भाषा मी त्यांना दाखवणार होतो. मित्राला जाऊन आठ महिने झाले होते.

भाषेचं व्याकरण माझं. चूक झाली की पडद्यावर येणारे संदेश त्याचे, मराठीत आणि खास पुणेरी. कंस बंद केला नाही, तर "दार लावून घ्या, गार वारा येतोय" असं यायचं. लोक हसत होते. तास छान रंगला होता.

पुढच्या रांगेत नागपूरकडची एक मुलगी बसली होती. तिने मुद्दाम, स्वतःलाच हाका मारत राहील आणि कधी थांबणारच नाही असा प्रोग्रॅम लिहिला. दोन सेकंद काहीच झालं नाही. मग ओळ उमटली: "पुरे रे आता. दम लागला."

"सर, हे भारी आहे!" ती म्हणाली.

माझ्या हातातला माइक खाली आला. दवाखान्यातून मित्राने मला शेवटचा फोन केला होता, तेव्हा तो एवढंच बोलला होता. हेच शब्द, 'रे'सकट. मी पाहिलेले बाकी सगळे संदेश अहो-जाहोत होते. हा एकच नव्हता.

मी गॅलरीत जाऊन लॅपटॉपवर, कोणती ओळ कधी लिहिली याच्या जुन्या नोंदी उघडल्या. ती ओळ त्याने आजार कळायच्या दोन वर्षं आधी लिहिली होती.

आत आलो, तर त्या मुलीचा प्रोग्रॅम सगळ्यांनी उतरवून घेतला होता. पंचवीस पडद्यांवर तेच वाक्य. कुणीतरी ते मोठ्याने वाचत होतं. मी कसाबसा तास संपवला.

संध्याकाळी खडकीला वहिनींकडे, म्हणजे मित्राच्या बायकोकडे, गेलो आणि सगळं सांगितलं.

"असे संदेश किती आहेत, भाऊजी?"

"चारेकशे असतील. मी सगळे वाचलेले नाहीत. फाइल आहे, आत्ता उघडून दाखवतो."

"नको," त्या पटकन म्हणाल्या. "मला ही भाषा शिकवा."

वहिनी शाळेत भूगोल शिकवतात. प्रोग्रॅमिंगशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. आता दर शनिवारी दुपारी त्यांना शिकवायला जातो. त्या हुशार आहेत, पण नीट चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्यांना रस नाही. त्या सावकाश, विचार करून चुका करतात, आणि पडद्याकडे बघत थांबतात.

गेल्या शनिवारी त्यांनी काहीतरी वेगळंच टाइप केलं. उत्तर आलं. मी वाकून बघणार, तेवढ्यात त्यांनी पडद्यावर तळहात ठेवला.

"तुम्ही जरा चहा टाका," त्या म्हणाल्या. "हे मला विचारलंय."