महाड, पोलादपूर आणि आमच्यासाठी सारवलेलं परसदार

"पैसे कमी असले की माणूस जास्त बघतो," असं बाबा एकदा म्हणाले होते. मी तेव्हा शाळेत होते. कोल्हापूरला धर्मशाळेत जागा मिळायची वाट बघत आम्ही वळकट्यांवर बसलो होतो आणि समोरच्या हॉटेलात माणसं पंख्याखाली जेवत होती. मला ते नुसतं समजूत घालणं वाटलं होतं.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत तशीच वेळ आली. नवऱ्याची कंपनी उन्हाळ्यात बंद झाली, तो मुलाखतींमध्ये अडकलेला. तेरा वर्षांच्या मुक्ताच्या मैत्रिणी गोव्याला निघालेल्या. मी मुक्ता आणि आठ वर्षांच्या सोहमला घेऊन पुण्याहून महाडची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, सोहमलाही अर्धं, त्यामुळे तिघांचा प्रवास दीड तिकिटात झाला. ताम्हिणीतून जाणाऱ्या गाडीत डावी खिडकी की उजवी असा वाद नको, दोन्हीकडे दऱ्या आहेत. उलटीची गोळी मात्र आधीच द्या.

महाडला बाजारपेठेतल्या एका जुन्या लॉजवर खोली घेतली. खोली स्वच्छ, चादरी धुतलेल्या. जिन्याखालच्या भिंतीवर, छताच्या जरा खाली, एक मातकट रेघ होती. मला ती ओल वाटली.

"पुराची रेघ आहे ती," लॉजचे मालक चहा ओतता ओतता म्हणाले. "रंग देताना तेवढी सोडायला सांगतो."

सोहमने मान मागे टाकून बघितलं. "मग पंखा बुडला?"

"पंखा बुडला. मी नाही बुडलो. मी वर होतो, तुझ्याच खोलीत."

आणि ते बिस्किटं शोधायला लागले. आम्ही बाजारात बाहेर पडलो. शेजारच्या दुकानातही तशीच रेघ, औषधवाल्याकडेही. त्या रेघेखाली माणसं साड्यांच्या घड्या करत होती, सुटे पैसे नाहीत म्हणून कुरकुरत होती. मुक्ता, जी गाडीत माझ्याशी बोललीही नव्हती, रेघेशी हात उंच करून उभी राहिली. तिचा हात पोचला नाही.

दुपारी गांधारपाले लेणी बघितली. महामार्गालगतच आहेत, थोड्या पायऱ्या, तिकीट लागलं नाही. संध्याकाळी रिक्षाने सव गावाला गेलो, गरम पाण्याच्या झऱ्यांवर. परतीचंही रिक्षावाल्याशी आधीच ठरवा, तिथे उभी रिक्षा मिळत नाही. सोहम पाण्यात पाय घालायचा, ओरडायचा, पुन्हा घालायचा. शेजारी गुडघे शेकत बसलेल्या एक बाई म्हणाल्या, "बाला, हळूहळू घाल. पानी कुठं पळून जात नाय."

दुसऱ्या दिवशी रायगड. रोपवे टाळून पायी चढलो, म्हणून पहाटेच्या गाडीने निघालो. एक गोष्ट लक्षात ठेवा: चढायच्या आधी पाचाडला एखाद्या खानावळीत जेवण सांगून जा. उतरलात की तांदळाची भाकरी आणि पिठलं गरम मिळतं, आणि पोरं भुकेने रडत नाहीत. वर काय बघितलं ते लिहीत नाही. सगळ्यांनी लिहिलं आहे.

मला लिहायचं आहे ते तिसऱ्या दिवसाबद्दल.

मी शिकवते त्या शाळेतल्या सहकारी बाईंनी पोलादपूरकडच्या एका घराचा पत्ता दिला होता. कापडे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. नाव मुद्दाम देत नाही. सुनंदा आणि तिची सासू तिथे राहतात, नवरा मुंबईला असतो. पाहुण्यांना एक खोली आणि दोन वेळचं जेवण, लॉजपेक्षाही कमी पैशांत. पोलादपूरहून कापड्यापर्यंत जीप, पुढे पायी.

पोचलो तेव्हा सुनंदा खाली शेतात भातकापणीला गेली होती. आजी दारात उभ्या होत्या, हात कोपरापर्यंत शेणाने हिरवे. "या गो बाय. पोरांनो, चपला तिथंच काढा, भुई ओली हाय."

अंगण सारवलेलं होतं, आणि घरामागे डोंगराला टेकलेलं परसदारसुद्धा. इतकं सुबक की बोटांच्या अर्धगोलांची नक्षी पार उताराच्या कडेपर्यंत गेलेली. दुपारपर्यंत ते वाळलं. मुलं तिथे लोळली. कुळथाची पिठी आणि भात खाऊन मुक्ता पालथी पडून चक्क हसत होती. मी फोटो काढला आणि स्टेटसला टाकला: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सुंदर अंगण.

उन्हं कलल्यावर डोंगरामागून ढग आले आणि परतीचा पाऊस एकदम कोसळला. सुनंदा भिजत धावत आली. माझ्याकडे न बघताच सरळ मागे गेली. मग तिचा आवाज आला.

"आये, खुट्या कुठं गेल्या?"

"काढून ठिवल्या," आजी चुलीपाशी बसून म्हणाल्या. "पोरं अडखळून पडतील."

"आनि भेग?"

"बुजवली. माती घालून वर सारवली. पावनं यायचं, त्यांना असं फाटलेलं दाखवायचं?"

सुनंदा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मग माझ्याकडे वळून, जणू गाडीची वेळ सांगावी तशी, सगळं सांगायला लागली. दोन पावसाळ्यांपूर्वी घरामागच्या जमिनीला भेग गेली. बघायला आलेल्या साहेबांनी भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून मध्ये दोरी बांधायला सांगितलं. दोरी घट्ट झाली, भेग बोटभर जरी वाढली, तर दरड यायच्या आत, भांडीकुंडी न बघता खाली शाळेत जायचं. दर पावसात ती बॅटरी घेऊन दोरी बघते.

"आता काय बघू, ताई? भुई तर नवी कोरी हाय."

माझी मुलं दिवसभर त्या भेगेवर लोळली होती. सोहमच्या पाठीवर सारवणाचा हिरवट भुगा चिकटलेला, तो मी झटकत राहिले, झटकत राहिले.

"निघायचं," सुनंदा म्हणाली. "कळत नाय म्हंजे थांबायचं नाय."

तिने म्हैस सोडली. मी मुलांचे हात धरले. आजी उठेनात. "तुमी जा. माजं काय व्हतंय. चार पावसाचे थेंब पडले की पळायचं काय?" त्यांचा चेहरा भिंतीकडे होता. मला वाटतं, भीतीपेक्षा त्यांना लाज जास्त वाटत होती: पाहुण्यांना पहिल्याच दिवशी घराबाहेर काढावं लागतंय.

सुनंदाने मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. मग मोठ्याने म्हणाली, "आये, रातचं जेवान ऱ्हायलं पावन्यांचं. त्या म्हनतात, आजींनी वाढल्याशिवाय जेवायचं नाय."

मी असं काही म्हटलं नव्हतं. आजींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"मंग तसं बोलायचं ना," म्हणत त्या उठल्या. भाताचं टोप फडक्यात बांधून डोक्यावर घेतलं आणि पावसात आमच्या पुढे चालायला लागल्या.

शाळेत वाडीतली चार-पाच घरं आधीच येऊन सतरंज्या पसरून बसली होती. एक आजोबा म्हणाले, "पुन्याच्या पाहुन्या काय? आलात तर पोरांची नावं घालून टाका, मास्तर खूश व्हतील." सगळे हसले. आजींनी वर्गातल्या फळ्याखाली बसून आम्हाला वाढलं, आग्रह करून करून. मुक्ता पानावरून उठेपर्यंत माझ्याकडे एकटक बघत होती. मी जेवले की नाही, आठवत नाही.

सकाळी ऊन होतं. डोंगर जिथे होता तिथेच होता. सुनंदाने कुदळीने परसदार उकरलं. ती सुबक नक्षी ढेकळांसारखी निघाली आणि खाली भेग दिसली, मुक्ताचा हात जाईल एवढी. आधी केवढी होती, कुणालाच सांगता येईना. खुंट्या पुन्हा ठोकल्या. "आजपासनं मोजायला लागू," सुनंदा म्हणाली. आजी तेवढा वेळ गोठ्यात होत्या.

निघताना त्यांनी मुलांच्या हातावर चिक्की ठेवली. सोहमने विचारलं, "आजी, तुम्ही पुण्याला याल?"

"म्हस कुठं बांधू तुज्या घरात?"

आता घरी आहे. प्रवास आमच्या ऐपतीत बसला, मुलं मजेत होती, हे खरंच आहे, आणि तुम्ही महाडला मुलांना घेऊन जरूर जा. डोंगरातल्या घरी उतरणार असाल, तर मागची जमीन कशी आहे ते स्पष्ट विचारा आणि पावसाळी दिवस टाळा. मी स्टेटस काढून टाकलं, फोटो ठेवला आहे. त्यात मुलं हसताहेत. हल्ली कुणाच्याही घरी गेले आणि ते फार नीटनेटकं दिसलं की मनात येतं: हे आमच्यासाठी काय झाकून बसले असतील?

काल सुनंदाचा फोन आला. आजी विचारताहेत, मे महिन्यात पोरांना आणणार का. मी फोन आजींना द्यायला सांगितला. त्या ऐकायच्या नाहीत, मला ठाऊक आहे. पाहुणा यायचा आणि भुई तशीच ठेवायची, हे त्यांच्या हातांना जमणारच नाही. तरी म्हटलं, "आजी, आम्ही येऊ. तुम्ही एवढंच करा, आमच्यासाठी मागचं परसदार सारवू नका."