आईच्या मनगटावरची गाठ

आधीच माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि जाणत्या वाचकांपुढं असलं काही लिहायचं म्हणजे संकोच वाटतो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता... आजही ‘नाही’ म्हणायला जातो, पण जीभ अडखळते.

आमचं गाव उदगीरजवळ. गेल्या दुष्काळात टँकरच्या पाण्यानं आई आजारी पडली. उदगीरच्या सरकारी दवाखान्यात दोन वॉर्डांना मिळून सिस्टर एकच. वर्षापूर्वी आई याच वॉर्डात होती, तेव्हा वनिता सिस्टर होत्या. त्या आईला ‘आत्या’ म्हणायच्या. आम्ही लिंगायत, गळ्यातलं लिंग अंगावेगळं करत नाही. एक्स-रेसाठी ते काढलं की वनिता सिस्टर लगेच गॉजमध्ये गुंडाळून आईच्या डाव्या मनगटाला बांधायच्या, वरून चिकटपट्टीची फुली. आता त्या जर्मनीत होत्या.

“उदगीर जिल्हा झाला की सिस्टरच सिस्टर येतील बघ,” दवाखान्यासमोरचे चहाटपरीवाले मामा म्हणाले.

“होती ती तर जर्मनीनं नेली की, मामा.”

“त्यांच्याकडं बी न्हाईत म्हणं. समद्या जगातच तुटवडा हाय!”

त्या दिवशी एक्स-रेच्या वेळी आईचं लिंग माझ्याकडं दिलं. मी शर्टाच्या खिशात ठेवून बटण लावलं, आणि परत द्यायचं विसरलो. दुपारी दोनला सलाईनमधून नवं औषध सुरू झालं. थोड्याच वेळात आई थरथर कापू लागली, ओठ निळे पडले. मी शेजारच्या वॉर्डात पळालो.

“आले रे बाबा! मला काय चार हात हाईत?” सिस्टर एका बाईचं रक्त थांबवत होत्या.

त्यांना घेऊन परत आलो तर सलाईन बंद. आई शांत पडलेली. डाव्या मनगटावर गॉज, वर फुली.

मी खिसा चाचपला. बटण लावलेलं होतं. आत काहीच नव्हतं.

“वनिता येऊन गेली की,” आई म्हणाली. “म्हणली, आत्या, हे औषिद तुमाला सोसत न्हाई, मागंच सांगितलं हुतं.”

डॉक्टर म्हणाले, “ज्यानं बंद केलं त्याचे पाय धर. आणखी पाच मिनिटं गेली असती तर...”

पण पाय धरायचे कुणाचे? वॉर्डात कुणीच कुणाला पाहिलं नव्हतं.

दोन महिन्यांनी वनिता सिस्टरांचा भाऊ बसस्टँडवर भेटला. “ताईला तिकडच्या दवाखान्याची नोटीस मिळाली,” म्हणाला. आईचं सलाईन बंद झालं त्याच दिवशी, तिकडच्या सकाळी, त्यांच्या वॉर्डातले एक आजोबा बेल दाबत राहिले. कुणी आलं नाही म्हणून एकटेच उठायला गेले, पडले, खुब्याचं हाड मोडलं. ताई कुठं होती, ते तिलाच सांगता येईना. आजोबांच्या चार्टवर मात्र तिच्या अक्षरात एक ओळ होती, मराठीत — ‘आत्याचं सलाईन बंद केलं.’

मी खूप विचार केला. उलगडा होत नाही... आई आता बरी आहे, भाकरी थापते.

काल वनिता सिस्टरांच्या भावाचा फोन आला. जर्मनीतले ते आजोबा गेले. आईला अजून सांगितलेलं नाही.