वरची मूठ

गंधकाची धुरी दिलेल्या बेदाण्याचा वास आला की तासगावातली ती दुपार आठवते. आमच्या घरगुती बेदाणाविक्रीला सॉफ्टवेअर निवडायचं म्हणून सांगलीहून एक जण लॅपटॉप घेऊन आला होता. वजनकाट्यापाशी बसलेल्या सासूबाईंनी एवढंच विचारलं, "वजन झालं की मी वर मूठभर घालती, ते ह्यात कुठं लिवायचं?" "मूठ म्हणजे किती ग्रॅम, आजी?" "ते मानूस बघून ठरतंय." त्यानं एकामागून एक सॉफ्टवेअर उघडून बघितली. "मग साठा कशातच जुळायचा नाही. मूठ बंद करा." सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. आता साठा रोज जुळतो. काट्यापाशी मी बसते. वजन झाल्यावरही जुनी गिऱ्हाइकं पिशवीचं तोंड उघडं धरून क्षणभर थांबतात.