तायडे सरांचा नियम

दुपारच्या उन्हात शाळेच्या ओसरीवर खुर्चीत बसल्या बसल्या लोणारेबाईंचे डोळे जड होतात. समोर कडुनिंबाखाली शेवंती उभी आहे, कडेवर तिचा धाकटा भाऊ. आज वाचनाची चाचणी आहे. जो बसणार नाही, त्याला वर्षभर लहान गटात अक्षरं गिरवावी लागणार. शेवंती तर घडाघडा वाचते. पण नियम असा, की चाचणीच्या खोलीत वाचणाऱ्याखेरीज दुसरं मूल चालत नाही.

"पोराला कुठंतरी ठेवून ये गं," बाई मघाशीच वैतागून म्हणाल्या होत्या.

"कुठी ठेवू जी? माय वावरात कापूस वेचाले गेली."

निंबाची सावली लांबत लांबत ओसरीवर येते आणि तिच्यातून तायडे सर चालत येतात. सरांना जाऊन दोन वर्षं झाली. एकही मूल शाळेबाहेर राहू नये, यावर त्यांनी आयुष्यभर संशोधन केलं. ही चाचणीही त्यांनीच बसवलेली. बाईंना आश्चर्य वाटत नाही. राग येतो.

"कोण राहिलंय, बाई?"

"शेवंती. तुमच्या नियमामुळे."

आता ओसरी नाही, सरांची विद्यापीठातली खोली आहे. कपाटांतून कागदांऐवजी कापूस बाहेर आलाय. शेवंती दारातच उभी. पोर रडतंय.

"मुलांनी एकमेकांना उत्तरं सांगू नयेत म्हणून तो नियम केला," सर चिडून म्हणतात. "हे बोळकं तिला काय सांगणार? अजून धड 'माय' म्हणत नाही ते!"

"मग तसं लिहायचं होतं! नियमाखाली दोन रेघा कोणी ओढल्या?"

"मी ओढल्या. मी गेलो ना? मग नियम कशाला जिवंत ठेवलात?"

"तुमचा होता म्हणून!" बाईंचा आवाज चढतो. "सगळ्यांना सामावून घ्या, म्हणून भाषणं दिलीत. आता जरा हे पोर सामावून दाखवा."

खोलीच्या भिंती विरतात. चहूकडे फुटलेला कापूस, मधोमध शाळेची एकच सतरंजी. शेवंती पोराला सरांपुढे करते. सर लगबगीनं हात पसरतात, पण पोर त्यांच्या हातांतून धुक्यातून जावं तसं खाली घसरतं. बाई झेप घेऊन त्याला धरतात आणि खांद्यावर टाकतात. रडणं थांबतं. शेवंती सतरंजीवर बसून वाचायला लागते.

सर आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहतात.

"माझ्याच्यानं आता होत नाही हो, बाई."

"दिसतंय," बाई म्हणतात. पोराच्या पाठीवरचा त्यांचा हात थांबत नाही. "तरी तोंड चालूच."

सर हसतात. हसता हसता त्यांचा सदरा कापसात मिसळून जातो.

चाचणीच्या घंटेनं बाईंना जाग येते. शेवंती अजून निंबाखालीच आहे, या कडेवरचं पोर त्या कडेवर घेत.

"शेवंते, ये इकडं. दे त्याला माझ्याकडे."

ती बिचकत पायऱ्या चढते. पोराला पुढे करता करता थबकते आणि बाईंच्या पदराकडे बघते. खांद्यावर ओला डाग आहे, अजून कोमट.

"बाई, ही त याची लाळ हाय. याले कवा घेतलं तुमी?"

बाई खांदा चाचपतात. मग पोराला त्याच खांद्यावर टाकतात.

"मघाशी," त्या म्हणतात. "तू आत जा. वाचून दाखव."